निनावी लेखकांचा दिवाळी अंक: नाव कोणाचं झाकायचं, कोणाचं नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या संकेतस्थळावर शे-दीडशे लोक नेमानं लिहितात, सगळे टोपणनावानं. कट्ट्याला, म्हणजे प्रत्यक्ष भेटीला, जमणारे पाच-सात सोडले तर कोणी कोणाला पाहिलेलं नाही. यंदा दिवाळी अंक काढायचं घाटतंय आणि शंका तीन आहेत: नावगाव न विचारता अंक निघतो का, रुसवेफुगवे न होता निवड आणि संपादन कसं करायचं, आणि उद्या कोणी वकिलाची नोटीस धाडली तर ती घ्यायची कोणी.

अंक निघतो. मराठीत हे नवं नाही. मायबोली १९९६ पासून चालू आहे. मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही तिच्या मागून आली. या चारही ठिकाणी दिवाळी अंक निघाले आणि त्यांत लिहिणाऱ्या कित्येकांना वाचक आजही फक्त आयडीनं, म्हणजे संकेतस्थळावरच्या टोपणनावानंच ओळखतात. मी अशा अंकांच्या संपादक मंडळांवर बरीच वर्षं आहे, कधी समन्वयक म्हणून, कधी नुसती मुद्रितशोधक म्हणून. त्यावरून सांगते, सुरुवात तिसऱ्या शंकेपासून करा. नोटीस कोण घेणार हे ठरलं की पहिल्या दोन शंका निम्म्या हलक्या होतात. लेखक शंभर टक्के निनावी असले तरी चालतं. अंक निनावी असून चालत नाही. त्याच्यामागे खऱ्या नावापत्त्याचा एक तरी माणूस लागतो.

आपल्याकडे असा माणूस टोपणनावांइतकाच जुना आहे. १८४८ पासून 'प्रभाकर' या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या सहीनं पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत. साप्ताहिक चालवणारे भाऊ महाजन मात्र उघड. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि ही बाई कोण यावरून गदारोळ उठला. तेव्हाच्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना आपलं नाव झाकता आलं, कारण प्रकाशक ह. वि. मोटे यांनी आपलं झाकलं नव्हतं. तुमच्या अंकाला असा एक मोटे हवा.

कायद्यानंही तो हवाच. रोजच्या धाग्यांपुरतं, म्हणजे सभासद स्वतः टाकतात त्या लेखां-चर्चांपुरतं, तुमचं संकेतस्थळ 'मध्यस्थ' असतं. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी मध्यस्थाला थेट जबाबदार धरू नये, असं संरक्षण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ मध्ये आहे, पण ते सशर्त आहे. मजकूर तुम्ही स्वतः निवडत किंवा बदलत नाही, असा मुद्दा त्या अटींत येतो. आता संपादक मंडळ दुसरं करतं काय? साठ लेखांतून पंचवीस निवडतं, त्यांतल्या वीसांची वाक्यं बदलतं, शीर्षकं देतं. त्यामुळे धाग्यांवर मिळणारा आडोसा अंकाला तसाच मिळेल असं धरून चालू नका. बदनामीची तक्रार आली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, आणि 'आम्हाला लेखक कोण ते ठाऊक नाही' हे त्यावरचं उत्तर होत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर ठळक द्यायचं बंधन याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी घातलंच आहे. त्या जागी खरं नाव आहे की 'अ‍ॅडमिन' लिहिलंय, एवढं आज बघून घ्या. नियतकालिक म्हणून छापायचा विचार असेल तर २०२३ चा नियतकालिकांच्या नोंदणीचा कायदा लागतो आणि तिथे आयडीला काहीच अर्थ नसतो. यापुढचं तुमच्या ओळखीच्या वकिलाला विचारा. प्रत्येक निनावी समूहात एक तरी वकील असतोच आणि तो बहुधा विडंबनं लिहीत असतो.

हा नाववाला माणूस बहुतेकदा संकेतस्थळाचा मालक असतो. तो तयार नसेल तर अंकाचा हट्ट सोडा आणि दिवाळीत एक विशेष विभाग उघडा. लोक आपापल्या जबाबदारीवर लिहितील. तयार असेल तर त्याला नकाराधिकार द्या, पण फक्त कायदेशीर कारणापुरता. 'या लेखानं मी अडचणीत येईन' असं म्हणायचा हक्क त्याला आहे. 'ही कविता मला कळली नाही' हे कारण त्याच्याकडून चालवून घेऊ नका. हे सुरुवातीलाच चार ओळींत लिहून मंडळाच्या खाजगी धाग्यात चिकटवून ठेवा. ऑक्टोबरात याच मुद्द्यावर मंडळं फुटतात.

आता लेखकांकडून काय घ्यायचं. नाव नको, फोन नको, गावही नको. हवी ती एक लेखी परवानगी, आणि ती त्यांच्या आयडीच्या खात्यातून खाजगी निरोपानं आलेली असावी. मी साधारण असा मजकूर वापरते: 'हे लेखन माझं स्वतःचं आहे, याआधी कुठे प्रसिद्ध झालेलं नाही. ते अमुक या नावानं अंकात प्रसिद्ध करायला आणि संकेतस्थळ चालू असेतो संग्रहात ठेवायला माझी परवानगी आहे. छापील, ध्वनी किंवा अनुवादित आवृत्तीसाठी मला पुन्हा विचारावं. सहा महिन्यांत माझं उत्तर आलं नाही तर नकार समजावा.'

शेवटच्या वाक्यावर दर वेळी वाद होतो. काही मंडळांना उलट हवं असतं: उत्तर नाही आलं तर होकार समजावा. कारणही रास्त आहे. आयडी येतात, दोन वर्षं धुमाकूळ घालतात आणि एक दिवस खातं बंद करून निघून जातात. मग दहा वर्षांनी निवडक लेखांचं पुस्तक काढायची वेळ आली की निम्म्या लेखकांचा पत्ता नसतो. तरी मी नकाराच्याच बाजूची. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात लेखनाचा पहिला मालक लेखक, मग तो कोणत्या का नावानं लिहीना. टोपणनावानं प्रसिद्ध झालेल्या लेखनाला प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण आहे, आणि मधेच लेखकाची ओळख उघड झाली तर ते त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत जातं. म्हणजे नाहीसा झालेला आयडी हा बेवारस आयडी नव्हे. आणि माणूस नाहीसा का झाला हे आपल्याला माहीत नसतं. कदाचित ओळख फुटली म्हणूनच गेला असेल.

तुमची मंडळी काटेकोरपणे बोलायचं तर निनावी नाहीत, आयडीवाली आहेत, आणि हे तुमचं मोठं भांडवल आहे. लेनचॅन नावाच्या इंग्रजी फलकावर खातंच नसतं, कोणीही येऊन लिहून जातो. तिथल्या लोकांनीही 'लेनझीन' नावाचं अधूनमधून निघणारं नियतकालिक काढलं. पण तिथे लेखकाचा मागचा इतिहास कोणालाच दिसत नाही. तुमच्याकडे आयडीमागे पाच-सात वर्षांचे धागे आणि प्रतिसाद असतात. एखादा लेख त्या माणसाचा वाटत नसेल तर त्याचं मागचं लेखन काढून वाचता येतं. चोरीचा माल ओळखायला यापरता चांगला उपाय नाही. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेलं लेखन येतं, त्यालाही हाच. दोन वर्षं 'काय राव' म्हणत तिरकस लिहिणारा गडी अचानक प्रत्येक परिच्छेदाशेवटी सुविचार सांगू लागला की विचारायला हरकत नसते.

चोरीची गोष्ट निघालीच आहे तर: लेखाच्या पहिल्या ओळीचा शोध घेऊ नका, ती चोरानं बदललेली असते. मधल्या एखाद्या परिच्छेदातलं विचित्रसं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. कवितांच्या बाबतीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'पु. लं.ची कविता' छापाच्या मजकुरापासून चार हात लांब राहा. अनुवादाला मूळ लेखकाची परवानगी लागते, 'भावानुवाद' किंवा 'स्वैर रूपांतर' लिहिलं म्हणून ती माफ होत नाही. परवानगीशिवाय कोणाचं घेता येतं? ज्यांना जाऊन ६० वर्षं पूर्ण झाली त्यांचं. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांचं लेखन २००२ पासून मोकळं आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं २०११ पासून. त्यातही रवींद्रनाथांचा मराठी अनुवाद करणारा माणूस हयात असेल तर तो अनुवाद त्याचा आहे, हे विसरायचं नाही.

आता निवड. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांत भांडणं कमी होतील असं वाटतं ना? उलट असतं. चेहरे माहीत नसतात, पण कोणी कोणाच्या धाग्यावर कधी काय म्हटलं हे सगळ्यांना पाठ असतं. कंपू असतात, जुनी उट्टी असतात, आणि 'संपादक मंडळ म्हणजे अमक्याचा कंपू' हा प्रतिसाद अंकाच्या घोषणेखाली पहिल्या तासात येतो. त्याला उत्तर देऊ नका.

माझी पद्धत अशी. लेख येतात ते एकाच समन्वयकाकडे. तो लेखावरचं नाव काढतो, क्रमांक घालतो आणि वाचनाला देतो. क्रमांक कोणाचा हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नसतं, आणि म्हणून त्याला मत नसतं. प्रत्येक लेख तिघं वाचतात. गुण देत नाहीत. दहापैकी साडेसहा म्हणजे नेमकं काय हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येकानं एवढंच लिहायचं: हवा की नको, आणि कशामुळे. 'कशामुळे'च्या जागी लेखातला नेमका प्रसंग किंवा वाक्य यावं लागतं. 'छान आहे, घेऊ या' हे मत धरायचं नाही.

तुम्ही म्हणाल, शैलीवरून माणूस ओळखू येतोच. येतोच. तीन टिंबं देऊन वाक्य सोडणारी कोण, दर परिच्छेद 'असो' म्हणून संपवणारा कोण, कंसात कंस घालणारा कोण, हे पहिल्या पानावर कळतं. तरी क्रमांक घाला. ओळख पटली तरी कोणाला ती बोलून दाखवता येत नाही, एवढा त्याचा उपयोग. 'क्र. १७ चा शेवट कच्चा आहे' असं लिहावं लागतं, 'त्याचं नेहमीचंच आहे' असं लिहिता येत नाही. हा नियम मोडणाऱ्याला समन्वयकानं लगेच, पण खाजगीत सांगावं. मंडळातल्या लोकांचं स्वतःचं लेखन घ्यायचं असेल तर मंडळाबाहेरच्या तिघांना वाचायला द्या. एका अंकात मंडळाचे तीनपेक्षा जास्त लेख दिसले की कंपूवाला प्रतिसाद खरा ठरतो.

डुआयडींचा, म्हणजे डुप्लिकेट आयडींचा, प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येणार आहे. एकच माणूस दोन नावांनी दोन लेख पाठवतो, एक गंभीर, एक टवाळ. समन्वयकाला ते कळतंही. माझं मत: दोन्ही चांगले असतील तर दोन्ही घ्या आणि गप्प बसा. 'गोविंदाग्रज' कविता लिहीत होते आणि 'बाळकराम' विनोद. दोघांमागे राम गणेश गडकरी एकच, म्हणून कोणी एकाला परत पाठवलं नाही. डुआयडी नको तो फक्त संपादक मंडळात, कारण तिथे एका माणसाची दोन मतं होतात.

साभार परत करताना जीव सर्वांत जास्त लागतो. छापील मासिकाचा नाकारलेला लेखक घरी बसून चिडतो. तुमचा नाकारलेला लेखक दुसऱ्या दिवशी तोच लेख 'अंकाच्या थोर संपादकांना न पेललेला' अशी ओळ घालून संकेतस्थळावर टाकतो. त्याला खरं कारण द्या, थोडक्यात द्या, आणि वाद घालायला जागा ठेवू नका. एक नमुना देते, तपशील बदलून: 'तुमची कथा तिघांनी वाचली. आजी बँकेत सही विसरते तो प्रसंग तिघांनाही आवडला. त्यानंतरची दोन पानं मात्र त्या प्रसंगात आलेलंच पुन्हा सांगतात, असं तिघांचंही मत पडलं. अंकात घेत नाही आहोत. इथे कधीही प्रकाशित करू शकता, दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही.' 'स्पर्धा फार चुरशीची होती', 'जागेअभावी' वगैरे लिहू नका. वेबवरच्या अंकाला जागेचा अभाव नसतो हे सगळ्यांना कळतं. आणि हे पत्र मंडळाच्या नावानं जाऊ द्या, कोणा एका आयडीच्या नावानं नको.

ओळख झाकण्याबद्दल लोक खूप बोलतात, पण ती फुटते ते अगदी किरकोळ जागी. वर्डच्या फायलीत लेखक म्हणून संगणकावरच्या खात्याचं नाव आपोआप बसतं आणि तिची पीडीएफ केली की बहुधा तेच नाव पीडीएफच्या गुणधर्मांत उतरतं. वाचकानं फायलीवर उजवी कळ दाबली की 'मुक्ताफळे' या आयडीचं पासपोर्टवरचं नाव समोर. मोबाइलनं काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. घराच्या गच्चीतल्या कुंडीचा फोटो म्हणजे घराचा पत्ता. गूगल डॉक्समध्ये कोणी सूचना टाकली की त्या खात्याचं नाव आणि चित्र दिसतं, म्हणून मंडळासाठी आयडीच्या नावानं वेगळी खाती काढायला लावा, नाहीतर खातं न लागणारं ईथरपॅड हे एकत्र लिहायचं साधन वापरा. व्हॉट्सअ‍ॅपचा गट काढू नका, तिथे सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो. आणि वर्गणी! अंकाच्या खर्चासाठी शंभर-दोनशे रुपये यूपीआयनं मागितले की पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव घेणाऱ्याला दिसतं, घेणाऱ्याचं पाठवणाऱ्याला. वर्गणी घ्यायचीच तर ती नाववाल्या माणसाकडे जावी, आणि देणाऱ्यांना हे आधी सांगावं. मी तर म्हणेन वर्गणी घेऊच नका. खर्च असतो तो सर्व्हरवरच्या जागेचा आणि डोमेनचा, तो मालक वर्षभर करतोच आहे.

लेख प्रकाशित करण्याआधी प्रत्येक फाइल साध्या मजकुरात उतरवून घ्या आणि चित्रांतली जागेची वगैरे नोंद काढून ती नव्यानं जतन करा, म्हणजे हे शेपूट तुटतं. हे काम एकाच माणसाला नेमून द्या.

मजकूर साधा करताना मराठीचा एक खास सापळा आहे. 'ऱ्य' दोन प्रकारे टंकला जातो. जुन्या पद्धतीत र, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. नव्या पद्धतीत नुक्त्याचा ऱ. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. पण मजकूर इकडून तिकडे नेताना काही ठिकाणी ते अदृश्य चिन्ह गळतं आणि 'आचाऱ्यांना निरोप धाडला'चं 'आचार्यांना निरोप धाडला' होतं. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. शुद्धलेखन तपासणारी प्रणाली हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. म्हणून मुद्रितशोधनाला बसायच्या आधी सगळ्या लेखांत जुना प्रकार शोधून त्याजागी नवा घालून घ्या. टंक (फॉन्ट) मोकळ्या परवान्याचा निवडा: एक टाइपचे मुक्त आणि बालू आहेत, गूगलचा नोटो आहे. पानाची भाषा मराठी आहे हे पानाच्या कोडमध्ये नोंदवा, नाहीतर काही टंकांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात आणि पहिला प्रतिसाद त्यावरच येतो.

शुद्धलेखनाचं धोरण फार ताणू नका. लेखकाची बोली ठेवा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारा. 'नाहीये' आणि 'नाही आहे'वरून रात्री दोनला चालणारी चर्चा मी बघितली आहे. अर्ध्या मंडळाची तेव्हा अमेरिकेत दुपार असते, त्यामुळे ती संपतही नाही.

अंकात काय घ्यायचं, हा प्रश्न खरं तर सगळ्यांत आधी यायला हवा. नाववाल्या लेखकांचे अंक बाजारात ढिगानं आहेत, १९०९ च्या 'मनोरंजन'पासून ती परंपरा चालत आलेली आहे. कथा-कविता-प्रवासवर्णनात तुम्ही त्यांच्याशी कशाला स्पर्धा करता? तुमच्याकडे आहे ते त्यांच्याकडे नाही: खऱ्या नावानं कोणी लिहिणार नाही ते लिहू शकणारी माणसं. पगार, कर्ज, मूल होत नसल्याचे उपचार, ऑफिसातली जात, परदेशातून आईवडिलांचं आजारपण सांभाळणं, घटस्फोटानंतरची पहिली दिवाळी. यावरचा सामूहिक लेख हा अशा अंकाचा कणा होऊ शकतो. खो-कथेच्या, म्हणजे एकानं सुरू करून दुसऱ्यानं पुढे न्यायच्या कथेच्या, नादी लागू नका. ती लिहायला सगळ्यांना आवडते, वाचायला कोणालाच नाही.

सामूहिक लेखासाठी एकच नेमका प्रश्न विचारा. 'वृद्ध पालकांविषयी तुमचे अनुभव लिहा' म्हटलं की निबंध येतात. 'आईला किंवा वडिलांना कोणाच्या भरवशावर ठेवून तुम्ही परत विमानात बसलात?' असं विचारलं की माणसं येतात. उत्तरं ऑनलाइन अर्जाच्या स्वरूपात घ्या आणि ईमेल गोळा करायची सोय बंद ठेवा. इथे आयडीही विचारू नका. आलेल्या तीस-चाळीस उत्तरांचा एकसंध निबंध करायचा मोह होतो, तो आवरा. प्रत्येकाचा आवाज तसाच राहू द्या, फक्त क्रम लावा. शेजारच्या काकूंवर भरवसा टाकणारी चार उत्तरं एकापाठोपाठ आली, आणि पाचव्यात त्या काकूच गेल्याचं आलं, की संपादकानं काही बोलायची गरज उरत नाही.

इथे संपादकाचं सर्वांत कठीण काम सुरू होतं. उत्तरात नाव नसतं, पण तपशील असतात. 'नाशिकच्या शाळेत संस्कृत शिकवत होते, २००९ ला टोरांटोला आले, वडील निवृत्त न्यायाधीश' यात नाव कुठेच नाही आणि तरी नाशिकमधली पन्नास माणसं तिला ओळखतील. एकेक तपशील निरुपद्रवी असतो, तीन एकत्र आले की माणूस उभा राहतो. माझा नियम: जो तपशील अनुभवाला लागतो तो ठेवायचा, बाकीचे दोन सैल करायचे. इथे वडिलांचा करारीपणा हा मुद्दा असेल तर न्यायाधीश राहू देत. नाशिकचं 'मध्यम शहर' होईल आणि वर्ष जाईल. खोटा तपशील घालू नका, फक्त धूसर करा, आणि प्रकाशनाआधी शक्य असेल तर लेखकाला दाखवा. आणखी एक. लेखिका निनावी असते, पण तिच्या लेखातली सासू, बॉस, डॉक्टर निनावी नसतात. वाचकाला लेखिका ओळखता आली नाही तरी डॉक्टर ओळखता येऊ शकतो, आणि नोटीस येते ती तिथूनच. अशा लेखात तिसऱ्या माणसाला लेखिकेपेक्षा जास्त झाका.

वेळापत्रकाचं फार सांगत नाही. आषाढीला घोषणा, गणपतीला शेवटची तारीख. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन यांत साधारण आठ आठवडे मिळतात. त्यांतले तीन वाचनाला, तीन संपादनाला, उरलेले दोन उशिरा आलेल्या लेखांना आणि पितृपक्षात गावी गेलेल्या मुद्रितशोधकांना. शेवटची तारीख एकदा वाढवावी लागतेच, ती वाढवाल तेव्हा दुसऱ्यांदा वाढणार नाही हेही सांगा.

अंक आला, पुलेशुचा ('पुढील लेखनास शुभेच्छा') पाऊस पडला, की काम संपलं असं वाटतं. पण तीन-चार वर्षांनी एक निरोप येईल: 'माझी ओळख नातेवाइकांना कळली आहे, तो लेख काढून टाका.' यासाठी धोरण आत्ताच ठरवा. मी लेख चोवीस तासांत काढते, कारण विचारत नाही. अनुक्रमणिकेत शीर्षक ठेवायचं की तेही काढायचं हे लेखकाला विचारते आणि काढल्यास त्याजागी 'लेखकाच्या विनंतीवरून मागे घेतला' एवढंच राहतं. खालचे प्रतिसादही जातात, कारण त्यांत लेखातली वाक्यं उद्धृत केलेली असतात. अंकाची पीडीएफ त्या लेखाशिवाय नव्यानं करून चढवावी लागते. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर प्रत गेली असेल तर ती काढण्याची विनंती ईमेलनं करता येते, आणि ती संकेतस्थळाच्या मालकानं केलेली बरी, म्हणजे लेखकाला कुठेच खरं नाव द्यावं लागत नाही. लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती मात्र परत येत नाहीत, आणि हे लेखकाला लेख पाठवतानाच, परवानगीच्या त्या मजकुराखाली एका ओळीत सांगितलेलं असावं.